नेपाळ सरांचा हाव

निलंग्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या सरांचं नाव पंचाक्षरी मलप्पा बिराजदार, पण हे लांबलचक नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. पोरं त्यांना नेपाळ सर म्हणायची. पाठीमागं म्हणायची, आणि पाठीमागचं सगळं सरांना ऐकू यायचं, कारण त्यांचा अर्धा जीव कायम मागं काय चाललंय यातच अडकलेला असायचा.

नाव पडायचं कारण साधं होतं. अभ्यासक्रमात 'लहान राष्ट्रांचे परराष्ट्र धोरण' असं एक प्रकरण होतं, दहा मार्कांचं. दुसरं कुणी असतं तर एका तासात उरकून मोकळं झालं असतं. या गृहस्थानं त्याला तीन आठवडे लावावेत! दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मधे बसून नेपाळ दोघांकडूनही रस्ते कसे बांधून घेतो, रशियाला न दुखावता फिनलंड आपलं घर कसं सांभाळतो, जगाची भांडणं आपल्या ओसरीवर मिटवायला बोलावून स्वित्झर्लंड स्वतः कसा सुखरूप राहतो, असं सांगता सांगता सर रंगात यायचे. फक्त सिक्कीम आला की आवाज खाली जायचा. "पंच्याहत्तर साली आपल्या यादीतलं एक नाव कमी झालं," एवढंच म्हणायचे आणि खडू ठेवून द्यायचे.

आता एका माणसाला लहान राष्ट्रांचा एवढा पुळका का, तर तो स्वतःच तसल्या जागी जन्मला होता. त्यांचं गाव पाखरवाडी. बेचाळीस घरं, चौथीपर्यंत शाळा आणि एक बारव, संपलं. पश्चिमेला चिंचोळगी, चारशे उंबऱ्यांचं गाव. पूर्वेला कर्नाटकाच्या अंगाला मोरकुंडा, ते तर आठवडी बाजाराचं. वाडीला दळायला चिंचोळगीला जावं लागायचं आणि मीठमिरचीला मोरकुंड्याला. लहानगा पंचाक्षरी जोंधळ्याची पाटी घेऊन गिरणीवर उभा राहिला की आधी चिंचोळगीकरांची दळणं व्हायची, मागून आलेल्यांचीसुद्धा, आणि मग याची. तिथं उभं राहून तो हसायला शिकला. राग आला तरी हसायचं, कारण उद्या पुन्हा दळण होतंच.

सरांची दुसरी एक खोड होती, ती नांदेडची. एम.ए.ला ते तिथं होते, पुढं सात वर्षं नोकरीही तिथंच. खोलीवर सोबतीला हदगावचा रामकिशन. समोरचा बोलत असला की हा रामकिशन दर वाक्याला "हाव… हाव…" करायचा. कबूल म्हणून नव्हे. मी ऐकून राहिलोय, तू बोल, एवढाच त्याचा अर्थ. खोड सरांना अशी चिकटली की निलंग्याला आल्यावरही सुटेना. इकडं लोक 'व्हय' म्हणतात, 'हाव' कुणी क्वचित म्हणतो, आणि म्हणाला तर तो पक्का होकार धरतात. सरांच्या बायकोनं, महादेवीनं, एकदा परीक्षाच घेतली. सर पेपर वाचत होते.

"भाजी खारट झाली का?"

"हाव."

"का अळणी झाली?"

"हाव."

"मग मी माहेरी निघून जाऊ?"

"हाव, हाव."

तिनं हातातला पेपर हिसकावला तेव्हा कुठं महाशय जागे झाले. घरात हसू झालं आणि गोष्ट तिथंच राहिली.

लातूर जिल्हा वेगळा होऊन चौथं वर्ष चालू होतं. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. जनावरं पाव्हण्यांकडं धाडून झाली, झाडाचा पाला संपला, आणि चैत्रात चिंचोळगीची विहीर आटली, मोरकुंड्याचं तळं फुटक्या खापरागत भेगाळलं. पाणी उरलं ते पाखरवाडीच्या बारवेत. एकतीस पायऱ्यांची जुनी बारव, तळाशी महादेवाची पिंड. बारव आटायच्या वर्षी आधी पिंड उघडी पडते, असं वाडीतली म्हातारी माणसं सांगायची. शिमग्याला पाणी बाराव्या पायरीला होतं. गुढीपाडव्याला पंधराव्या.

वाडी आधी मोरकुंड्याच्या ग्रामपंचायतीला जोडलेली होती. जिल्हा नवा झाला तेव्हा ती चिंचोळगीला जोडायचं बोलणं निघालं, आणि मग बोलणंच चालू राहिलं. दोन्ही गावांना वाटायचं, वाडी आपली. टँकर मागायची वेळ आली की दोन्ही गावांना वाटायचं, वाडी त्यांची.

एका रविवारी सकाळी सरांच्या दारात धोंडप्पा उभा राहिला. वाडीतला जाणता माणूस, सरांचा चुलत चुलता. एरवी पायातलं काढून आधी पाणी मागणारा म्हातारा त्या दिवशी दारातूनच बोलायला लागला.

"पंचाक्षरी, चिंचोळगीवाले बारवेवर इंजिन बसवून राहिलेत. श्रीमंतरावानं पाइपसुद्धा आणून टाकलेत. मोरकुंड्याच्या चन्नबसप्पाला कळलं, तर तो म्हणतो आधी माझं इंजिन बसंल. कुणाचंबी बसू दे, आठ दिसांत बारव कोरडी. आमी बेचाळीस घरं. काठ्या घेऊन उभं ऱ्हायलो तर आमची पोरं मरतील."

"तहसीलला अर्ज…"

"दिला. सायेब येणार हायेत म्हणं. कवा, ते न्हाई सांगितलं." धोंडप्पानं पटका काढून मांडीवर ठेवला. "तू पोरांना हेच शिकवतो म्हणं. दोन दांडग्यांच्या मधी बारक्यानं कसं जगावं. मग चल की बाबा. आमाला शिकव."

अठरा वर्षं सर हे प्रकरण शिकवत होते आणि आजवर त्यांनी साध्या शेजाऱ्याला 'तुमचा रेडिओ जरा हळू करा' म्हणून सांगितलेलं नव्हतं.

तरी ते गेले. बसमध्ये मांडीवर नोट्सची पिवळी वही होती. एका पानावर वडिलांचं बोलणं त्यांनी कधीतरी टिपून ठेवलं होतं. मलप्पा निजामाच्या राज्यात वाढलेला माणूस. तो सांगायचा, शेवटी शेवटी निजामानं थेट युनोत माणसं धाडली, आन घरातल्या रयतेला काय पायजे ते मात्र इचारलं न्हाई. सरांनी ते वाचलं, छान आहे म्हणून मान हलवली आणि पान उलटलं.

वाडीत आई, लक्ष्मम्मा, बारवेच्या काठावरच बसलेली. सत्तरीची बाई, पण वाडीच्या पाण्याची पाळी तीच लावायची. घरटी चार घागरी, पिंडीला एक तांब्या, कुणाची वशिलेबाजी नाही. पोराला बघून तिचं मन भरून आलं, पण ते तिनं तोंडावर दाखवलं नाही.

"कुणाकडं जायच्या आधी बायांना इचार," ती म्हणाली. "पाणी त्या भरतात. काय देता येतंय अन् काय न्हाई, त्यांना ठावं."

"हाव, अव्वा," सर म्हणाले, आणि चिंचोळगीच्या वाटेला लागले.

तिथले पुढारी श्रीमंतराव. त्यांनी सरांना खुर्ची दिली, चहा दिला, वर बडीशेप दिली. हे सगळं बघून सरांना जास्तच धास्ती वाटायला लागली. मोठ्या आवाजाचा, मोकळ्या मनाचा माणूस. वाईट म्हणता येणार नाही. त्याच्याही गावात लेकरं तहानलेली होती. "सर, तुम्ही शिकलेले. वाडी म्हणजे आमचंच अंग. चारशे उंबरे तडफडायलेत आणि तुमच्याकडं बारव भरलीय. आम्ही इंजिन बसवतो, वाडीला तोटी देतो. बरोबर का न्हाई?"

सरांचं धोरण ठरलेलं होतं. नाही म्हणायचं नाही, हो म्हणायचं नाही, ऐकून घ्यायचं. म्हणून ते मन लावून ऐकत राहिले. "हाव… हाव…"

"उद्या सोमवारी आणतो मग इंजिन."

"हाव," सर म्हणाले. सोमवारच्या आत चन्नबसप्पाला गाठायला पाहिजे, एवढाच विचार तेव्हा डोक्यात होता.

दुपारी ते मोरकुंड्याला. चन्नबसप्पा अडतीचा व्यापारी, जातीपातीनं जवळचा, बोलायला गोड. "या मास्तर, शरणार्थी," असा लिंगायती नमस्कार करून त्यानं गादीवर शेजारी बसवून घेतलं. "नोडप्पा, बघा की, ते चिंचोळगीवाले आज पाणी नेतील, उद्या वाडीच नेतील. आपण एका धर्माचे. वाडी पहिल्यापासून मोरकुंड्याची. माझं इंजिन बसलं म्हणजे त्यांची हिंमत होणार न्हाई. मी तुमचं रक्षणच करून राहिलो की!"

सरांना सिक्कीम आठवलं. पण धोरण म्हणजे धोरण. "हाव… हाव… हाव…"

संध्याकाळच्या गाडीनं ते निलंग्याला परतले आणि जेवताना महादेवीला म्हणाले, "दोघांचं ऐकून घेतलं. जबान कुणालाच दिली नाही. आता आठवडाभर ते एकमेकांचा अंदाज घेत बसतील, तोवर तहसीलदार येतील." अगदी फिनलंडच्या थाटात ते हे बोलले. महादेवीनं ताटात भाकरी वाढली, नवऱ्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "ऐकून घेताना तुम्ही काय म्हणत होता?"

सरांचा घास हातातच राहिला.

सोमवारी पहिल्या गाडीनं ते वाडीत धावले. तोवर व्हायचं ते होऊन बसलं होतं. बारवेच्या पश्चिमेला चिंचोळगीची बैलगाडी, तिच्यावर इंजिन, भोवती तीस-चाळीस माणसं. पूर्वेला मोरकुंड्याचा ट्रॅक्टर, त्यावरही इंजिन, माणसं थोडी जास्तच. मधे वाडीचे लोक, आणि पायरीवर रिकाम्या घागरी घेतलेल्या बाया. सगळ्यांनी सरांकडं वळून बघितलं.

"विचारा सरांना!" श्रीमंतराव ओरडले. "हाव म्हणालेत मला. तीनदा म्हणालेत!"

"मला चार बार म्हणाले," चन्नबसप्पा गादीवरचा गोडवा सोडून बोलला. "मास्तर, जबान दिली का न्हाई?"

धोंडप्पाचा चेहरा बघवेना. "दोघांस्नी हाव म्हणून आलास व्हय रे?" तो हळूच म्हणाला. "आमी तुला वाचवायला बोलावलं हुतं."

सरांना अठरा वर्षांच्या नोट्समधली एकही ओळ आठवेना. खोटं म्हणावं तर दोन्ही गावं चवताळणार. खरं म्हणावं तर कुणाला? पश्चिमेकडच्या एकानं गाडीवरून इंजिन उतरवायला हात घातला. तो बघून पूर्वेकडच्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं मागचं फाळकं पाडलं. कुणीतरी काठी उचलली. सरांना गिरणीवर हसायचे तसं हसावं, एवढंच सुचलं, आणि तेही जमेना.

तेवढ्यात लक्ष्मम्मा उठली. गुडघ्यावर हात टेकत वर आली आणि दोन्ही इंजिनांच्या मधे उभी राहिली.

"कशाला भांडता रे बाबांनो?" ती म्हणाली. "ह्याचा हाव म्हंजी होकार न्हाई. ते नुसतं तोंड हलवणं हाय."

"आज्जी, शिकलेला माणूस…"

"मी त्याची आई हाय, मला सांगतोस? नवरा गेल्याला तेरा वर्षं झाली. दर सणाला इचारते, पंचाक्षरी, घरी ऱ्हायला येतोस का? हाव म्हणतो. पावसाळ्यात येतोस का? हाव. दिवाळीला पोरांना घेऊन येतोस का? हाव, अव्वा. तेरा वर्षं मी दाराला टेकून बसले." तिनं दोन्हीकडच्यांवर नजर फिरवली. "कुठं आलाय? दावा मला. आईला दिलेला हाव ज्यानं पाळला न्हाई, त्याच्या हावावर तुमी इंजिनं घेऊन आला व्हय?"

मग मोरकुंड्याकडचा एक म्हातारा खुदकन हसला. चिंचोळगीकडचेही हसायला लागले. काठी उचललेल्यानं काठी खाली टेकली. दोन्ही गावांसमोर, धोंडप्पासमोर, चौथीपर्यंत सोबत शिकलेल्या सगळ्यांसमोर सरांची अब्रू मातीला मिळाली होती, आणि तिच्याच मोलावर बारव वाचली होती. सरांना ते कळलं. लाजेनं कान तापले आणि डोळ्यांत पाणी आलं. आईनं एवढं बोलायला नको होतं असंही वाटलं, आणि एक शब्द खोटा नाही हेही दिसत होतं.

मग ते बोलले.

"चूक माझी. मी हो म्हणालो नव्हतो, पण नाही म्हणायलाही भ्यालो. आता सरळ विचारतो. श्रीमंतराव, मोरकुंड्याचं इंजिन बसलेलं तुम्हाला चालेल?"

"आमच्या मढ्यावर!"

"चन्नबसप्पा, चिंचोळगीचं?"

"ते कसं चालंल?"

"मग दोघंही एका गोष्टीला कबूल आहात. दुसऱ्याचं इंजिन नको. मी दोघांचंही ऐकतो. इंजिन कुणाचंच बसणार नाही." त्यांनी पायरीवरच्या बायांकडं बघितलं. काल न विचारलेला प्रश्न त्यांनी आत्ता विचारला. "अव्वा, किती देता येईल?"

बायांची आपसात कुजबुज झाली. लक्ष्मम्मानं बोटं मोजली. "घरटी चाराच्या तीन घागरी आमी घेऊ. उरलंय त्यात एक घागर चिंचोळगीची, एक मोरकुंड्याची, आळीपाळीनं. फकस्त पिण्याला. बायांनी यायचं, डोक्यावर न्यायचं. पिंड उघडी पडली की सगळ्यांचंच बंद, आमचंबी."

"आणि मोजणार कोण?" श्रीमंतरावांनी विचारलं. "वाडीवाले मोरकुंड्याला जास्त देतील."

"तुमचा माणूस बसवा की इथं," सर म्हणाले. "मोरकुंड्याचाही बसेल. दोघांनी एकमेकांवर नजर ठेवायची."

त्यात दोघांनाही खोट काढता येईना. जो आधी नाही म्हणेल, तो तहानलेल्या बायांसमोर वाईट ठरणार होता, आणि शिवाय मैदान दुसऱ्याला मोकळं राहणार होतं. कुरकुर झाली, पानतंबाखू झाली, आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत दोन्ही इंजिनं आल्या वाटेनं परत गेली. तेव्हापासून पाखरवाडीच्या बारवेवर रोज दोन राखणदार बसायचे, एक चिंचोळगीचा, एक मोरकुंड्याचा. वाडीचा एकही माणूस राखणीला लागला नाही.

पण घोर काही सुटला नाही. पाणी एकविसाव्या पायरीला गेलं, मग चोविसाव्या. सर दर शनिवारी येऊन आधी पायऱ्या मोजायचे आणि मगच घरात पाय ठेवायचे. वर्गात शिकवतानाही खडूनं फळ्याच्या कोपऱ्यात एक आकडा लिहायचे, आणि पोरं विचारायची, सर हे काय? सत्ताविसाव्या पायरीला पाण्याला चिखलाचा वास यायला लागला. चिंचोळगीच्या बाया फडकं दुहेरी करून गाळून न्यायच्या. अठ्ठाविसावी उघडी पडली त्या आठवड्यात सरांना झोप नव्हती. पिंड मात्र पाण्याखालीच राहिली. आषाढाच्या पहिल्या पंधरवड्यात ओढ्याला पाणी आलं आणि राखणदार आपापल्या गावी गेले.

पण हे सगळं नंतरचं. इंजिनं परत गेली त्या दुपारी सर आईसोबत घरी आले. लक्ष्मम्मानं चुलीपुढं बसून भाकरी टाकली. त्यांनी चुलीजवळच बसून खाल्ली. सरांना म्हणायचं होतं, अव्वा, चुकलो. आईला बहुतेक म्हणायचं होतं, चारचौघांत बोलले, वाईट वाटून घेऊ नको. यातलं काहीच कुणी म्हणालं नाही. दुसरी भाकरी वाढताना तिनं नेहमीचाच प्रश्न विचारला, बहुतेक सवयीनंच.

"ऱ्हायला येतोस का रे आता घरी?"

हाव सरांच्या जिभेवर आला होता. त्यांनी तो गिळला. निलंग्याची नोकरी, पोरांची शाळा, महादेवीची शिवणाची मशीन, सगळं डोळ्यांपुढून गेलं. खाली बघत, भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ते म्हणाले,

"न्हाई, अव्वा. न्हाई जमणार. शनिवारी येतो. दर शनिवारी."

तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी लक्ष्मम्मानं ती उलटली नाही. पदरानं तोंड पुसलं. रडते की हसते, सरांना कळेना.

"तेरा वर्षांत पहिल्यांदा खरं बोललास," ती म्हणाली. "आता शनवारची वाट बघते."